सबरीनची गादी

४ एप्रिल
आलो एकदाचा देसूकला, आणि गाव आवडलं! खाली पिंजाऱ्याचं दुकान, वर खोली, खिडकीतून नाईल. घरमालकीण हाज्जा झैनातच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. आल्या आल्या चीज आणि गरम रोट्या पुढे ठेवून म्हणाली, खा रे, कापसाबरोबर उडून जाशील. आधीचा पिंजारी तिचा म्हातारा भाऊ. अख्खा हिवाळा त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही, शेवटी उघड्या डोळ्यांनीच गेला. त्याची गादी कोपऱ्यात पडलीय, ती जाळून टाक म्हणून तिनं बजावलं. मी हो म्हटलं. संध्याकाळी शिवण उसवून पाहिली. कापूस सायीसारखा मऊ. जाळायला जीव होईना.

९ एप्रिल
पहिलंच काम लग्नाच्या गादीचं! नवरी सबरीन, शेजारच्या घरातली. गल्लीतच चटई टाकून पिंजायला बसलो. बायका टाळ्या पिटत गात होत्या, सरबत फिरत होतं. आणि ऐन वेळी कापूस कमी पडला. सबरीनची आई सगळ्यांदेखत म्हणाली, उस्ताद, गादी शिवताय की बाहुलीची उशी? बायका फिदीफिदी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझाच अंदाज चुकला होता. ते कबूल करायचं सोडून दुकानात गेलो आणि म्हाताऱ्याच्या गादीतला कापूस आणून मिसळला. कुणाला पत्ता लागला नाही. सबरीननं बांगड्या वाजवत हात फिरवून पाहिला, खूश झाली.

२१ एप्रिल
सबरीनला झोप लागत नाही म्हणे. नवी नवरी कसली झोपतेय, म्हणून गल्ली हसते. मीही हसलो. म्हाताऱ्याचा कापूस मात्र डोक्यातून जाईना.

३० एप्रिल
आता कुणी हसत नाही. शेगडीवर तिचा हात भाजला, तिला कळलंसुद्धा नाही. घरच्यांची नावं विसरते. अंगावर मांस म्हणून उरलं नाही. डॉक्टरांनी चहा बंद केला. आज दुकानात येऊन म्हणाली, डोळा लागायला आला की गादीच्या आत कुणीतरी कूस बदलतं.
तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, ओल धरली असेल, गच्चीवर नेऊन उन्हात घाला.

२ मे
गादी उन्हात टाकताना तिला भोवळ आली. गच्चीला कठडा नव्हता —
मी मारलं. तिला मी मारलं.

७ मे
झोप नाही. सुई बोटात जाते. तिच्या आईला सगळं सांगायला निघालो. दारातून परत आलो. पुन्हा गेलो, पुन्हा परत. भित्रा —

११ मे
आज सबरीनची आईच आली. जावयाकडून ती गादी मागून आणली होती. म्हणाली, बाळा, माझ्या लेकीसाठी रडून डोळ्यांची काय दशा करून घेतलीस. आमच्यात आता हिच्यावर कोण निजणार? तू तरी शांत झोप. स्वतःच्या हातांनी चादर घातली. तू निजल्याशिवाय हलायची नाही म्हणाली.
नको म्हणायचं, तर कारण सांगावं लागलं असतं.
आडवा झालो. झोपेचं सोंग केलं. ती डोक्यावरून हात फिरवत बसली —

१२ मे
उठता येत नाही. वही छातीवर —
खाली गादीत कुणीतरी कूस बदलली. मग पुन्हा, दुसऱ्या अंगाला. बांगड्या वाजल्या —
दोघं आहेत. एकमेकांपासून सरकतायत. मधे जागा करतायत, एका माणसाची —
सबरीनच्या आई, ऐका — तो कापूस मी —