बैलावरचा मोर

बाबा, तुमचा चेहरा अडलाय. लहान मुलांसाठी एक पुस्तक करते आहे. गोष्ट माझी, चित्रंही माझी, आणि पोळा आपल्याच घरचा. सगळी पानं झाली, एक सोडून. त्या पानावर तुम्ही बैलाजवळ पाठमोरे उभे आहात. संपादक बाई म्हणतात, इथे वडील वळलेले हवेत, त्यांना काय वाटलं ते मुलांना दिसलं पाहिजे. बरोबरच आहे त्यांचं. पण पेन्सिल तिथे पोचली की थांबते. भिंतीवरच्या फोटोतले तुम्ही टोपी घालून, श्वास रोखून बसला आहात. तो चेहरा स्टुडिओचा, इथे कामाचा नाही.

त्या वर्षी शिंगं रंगवायला तुम्ही बाभुळगावहून निळं वार्निस आणलं होतं, न निघणारा तेलरंग. अंगावर ठसे उठवायचे ते गेरूचे, आणि गेरू भिजवायचं काम माझं. पण माझ्या डोक्यात शाळेच्या पुस्तकातला मोर घुसला होता. पांढऱ्या बैलाची ती ऐसपैस कूस! एवढा मोठा कागद मला कधी मिळालाच नव्हता. तुम्ही पळसाची पानं आणायला गेलात आणि मी गेरू सोडून वार्निसचा डबा उघडला. तुम्ही परतलात तेव्हा पिसारा शेपटीपर्यंत पोचला होता.

"काहून वं, वार्निस काहून लावलं? जनावर हाय ते, पाटी थोडीच हाय पुसाले!"

माय राकेलचा बोळा घेऊन धावली. तुम्ही तिचा हात धरला. "राहू दे. कातडं जळन त्याचं." मग काय, पोळा फुटला, बैल घरोघर परतले, पावसानं सगळ्या गावच्या बैलांचा गेरू धुऊन नेला, आपला मोर जागचा हलेना. उभ्या पिकात डवरा ओढायलाही तोच बैल, तोच मोर. लोक बरे सोडतील! आता ते अडलेलं पान. एका संध्याकाळी तुम्ही बैल घेऊन शेतातून येता. मी ओट्यावर बसलेली, मांडीवर पुस्तक. शेजारचे काका ओरडतात, "काय भाऊ, मोर जुपला काय डवऱ्याले?" चारचौघं हसतात. आणि तुम्ही म्हणता, "माह्या पोरीनं काहाडला."

तेवढंच. आवाजावरून काही कळेना. पुढे दहावीत होते तेव्हा तुम्ही गेलात आणि विचारायचं राहून गेलं. नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात नाव लागलं, पहिलं पुस्तक छापून हातात आलं, तेव्हा मी ठरवून टाकलं की बाबा कौतुकानंच बोलले होते. काम परत आलं, कुणी नाकं मुरडली, की वाटायचं, छे, चारचौघांत लाजले होते बिचारे. तुमच्या तीन शब्दांवर मी उभी राहिले आणि त्यांच्यावरच आडवीही पडले. तुमची फार आठवण येते, बाबा.

बाईंना आज कळवलं, वडील पाठमोरेच राहू द्या, चित्राला तेच शोभतं. त्यांनी मानलं. तुम्हाला मात्र खोटं कसं सांगू? आणि हे पत्र तरी कुठे टाकू? त्या संध्याकाळी मी वाचत नव्हते. भीतीनं मान खाली घालून बसले होते. बोलून झाल्यावर चिखलानं भरलेले तुमचे पाय माझ्यापुढे येऊन थांबले, बराच वेळ थांबले, आणि मी वर बघितलंच नाही.