हिरवी तार

बुधवार, दुपारचे तीन

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा बरा आहे. माझा चष्मा बदलला, स्वभाव बदलला नाही, असं ती सांगेलच.

काल तू तिला म्हणालीस म्हणे, "गाण्यासाठी स्वस्तात कुठला माइक घ्यावा ते दादाला विचार, पण मी विचारलंय हे सांगू नकोस." तिने चप्पल काढायच्या आत सांगितलं. तुझ्या गाण्याच्या मंडळींसमोर मी म्हणालो होतो, "हिला गळा आहे, कान नाही." त्याला आठ महिने झाले, तू फोन उचलत नाहीस. असो. विचारलंस ना, मग नीट ऐक.

वायरलेसच्या नादी लागू नकोस. स्वस्तातला वायरलेस ऐन तानेला दगा देतो. साधा, वायरचा, गाण्याचा माइक घे. खोक्यावरचे वॉटचे आकडे वाचून स्पीकर घेणारे गाढव असतात. एकच घे, पण बरा घे. तो तुझ्या पुढे, लोकांकडे तोंड करून ठेव. मागे ठेवलास तर शिट्टी वाजणारच. हे मला कुणी शिकवलेलं नाही. तीस वर्षं खोकी उघडून शिकलोय.

पण माइक घेऊ नकोस. तुझा चांगला आहे.

वहिनी म्हणाली, माइकला ओठ टेकले की तुला मुंग्या येतात. मी विचारलं, "मुंग्या की चटका?" तर म्हणे, "मला काय माहीत, मी गाते का?" रात्रभर मी तेच घोळवतोय.

तुझा अ‍ॅम्प्लिफायर मीच दिलेला. तू म्हणाली होतीस, "दादा, जरासुद्धा घुंघुं नाही!" मी फुशारलो होतो. ती घुंघुं कशी घालवली, ते सांगितलं नाही. आतली अर्थिंगची हिरवी तार कापली. आवाज स्वच्छ झाला. पण खोक्यात कुठे वीज झिरपली, तर तिला जमिनीत जायची वाट उरली नाही. ती वायरीतून माइकच्या जाळीपर्यंत येते आणि ओठांची वाट पाहते.

मला माहीत नव्हतं, असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला? तुला देण्याआधी पेटीवाल्याचा हात त्याच खोक्याच्या माइकवरून उडाला होता. मी म्हणालो, "हाताला घाम आहे तुझ्या." सगळे हसले. तोही हसला, पण पुन्हा त्या माइकला शिवला नाही. तुला मात्र मीच शिकवलं, माइकला ओठ लावून गा, लांबून गाणारे भित्रे.

मुंग्या आता सुरू झाल्या, म्हणजे झिरपणं वाढतंय. आणि तू अनवाणी गातेस.

हे पत्र वहिनीच्या हाती संध्याकाळी पाठवणार होतो. आत्ता घड्याळ पाहिलं. सव्वाचार. पाचला तुमची तालीम, त्याआधी खोलीची फरशी पुसतात. तीन वेळा फोन लावला. वाजून बंद झाला.

पत्र घेऊन मीच निघालोय, म्हणजे तू हे वाचशील ते मी पोचल्यावरच; तरी लिहितो. तुमच्या खोलीचा मेन स्विच बाहेर, जिन्याखाली आहे. आज गाता गाता सगळं एकदम बंद पडलं, तर चिडू नकोस. दादा पोचला असं समज.

पोचेपर्यंत, छोटे, लांबून गा.

तुझा,
कान असलेला, पण बहिरा
दादा