हिरव्या रंगाखालची गाडी

१२ नोव्हेंबर, बडनेरा

डोकं फिरलेलं आहे, म्हणून जेवायच्या आधीच लिहायला बसलो.

पुण्याच्या पेठे नावाच्या माणसाचा परवा फोन आला होता. जुन्या शर्यतीच्या गाड्यांचे इतिहास लिहितो म्हणे. गाडी कोणाची, कोणाकडून कोणाकडे गेली, कुठे पळाली, कोणी चालवली. अकोटच्या जिनिंगमधली ती विलायती दोनसीटर त्याच्या पुण्याच्या मालकाने विकत घेतली. सध्या अकोल्याला जुन्या शहरात हनीफभाईच्या डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात उभी आहे. मी त्या जिनिंगच्या मिस्त्रीचा मुलगा, तर आठवणी सांगायला या, म्हणाला. सकाळच्या पॅसेंजरने गेलो.

फाईल बघितली. मालक: बाबूसेठ, पानभर माहिती. चालक: त्यांचे चिरंजीव जयूबाबू, अर्धं पान, धावपट्टीवरच्या शर्यतीत पहिला नंबर. शेवटून दुसरी ओळ: 'देखभाल: शाम'.

शाम! माझ्या बापाचं नाव शामराव इंगळे. राव नाही, आडनाव नाही. कागद संपला होता का?

यापुढे या वहीत पेठ्याला 'पे.' लिहिणार. त्याच्यासाठी अख्खं नाव लिहायला मलाही जागा नाही.

१३ नोव्हेंबर

बायकोला, सुमनला सांगितलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "इतके वर्स तुमी काहून नाई बोलले मंग?"

बरोबर विचारलं, म्हणून जास्त राग आला.

बाबांनी शेवटच्या दुखण्यात सांगितलं होतं, ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. "शर्यतीत गाडी म्याच चालवली. दारावरचं नाव रंगाखाली गेलं बापा." एवढंच. मी तेव्हा रेल्वेत ड्युटी, ओव्हरटाइम, पोरीचं शिक्षण यात अडकलो होतो. पुढे विचारलंच नाही. आता ते कुठे आहेत विचारायला.

मला दुसरं काही नको. फाईलमध्ये 'चालक' या शब्दापुढे त्यांचं पूर्ण नाव पाहिजे.

१५ नोव्हें.

पे.ला फोन केला. सगळं ऐकून घेतलं, मग गोड आवाजात, "इंगळे, भावना समजतात. पुरावा काय?"

आमच्या भिंतीवरचा फोटो मोबाईलवर पाठवला. शर्यतीनंतरचा. जयूबाबू गाडीत, गळ्यात हार. बाबा बाजूला उभे, हातात फडकं. दहा मिनिटांत पे.चा फोन. हा तर माझ्याच विरुद्ध पुरावा आहे म्हणाला, गाडीत कोण बसलंय ते बघा.

म्हटलं, साहेब, कपडे बघा. जयूबाबूचा शर्ट इस्त्रीचा, कॉलर पांढरीशुभ्र. बाबांचं तोंड धुळीनं काळं आणि डोळ्यांभोवती चष्म्याचे दोन गोल पांढरे. चष्मा लावून धूळ कोणी खाल्ली?

"मेकॅनिकचं तोंड काळंच असतं हो."

फोन आपटला. मोबाईल आपटला तर आपलाच फुटतो, म्हणून गादीवर आपटला.

१८ नोव्हें.

दर्यापूरमार्गे अकोट. एसटीत खिडकीशेजारी जागा मिळाली, तेवढंच दिवसभरातलं सुख.

जिनिंग बंद होऊन जमाना झाला. आता तिथे लग्नाचं लॉन आहे. जयूबाबूंचा नातू रोहित भेटला. सहा फुटाच्या वर आहे, त्यांच्या घरात सगळेच ताडमाड. चहा दिला, काका काका करत होता. त्याच्यावर चिडायला काही सापडेना, याचाही राग आला.

म्हणाला आजोबांनीच चालवली, घरात शर्यतीचा कप आहे, त्यावर नाव आहे. ती शर्यत उन्हाळ्यात झाली. आजोबांचं लग्न ठरलं आणि पळवणं बंद. त्याच दसऱ्याला गाडी हिरवी केली.

हिरवी का, हे मला सांगायची गरज नाही. त्या जिनिंगमध्ये दसऱ्याला सगळ्यालाच नवा रंग लागायचा. सरकीचं मशीन, वजनकाटा, पाण्याची टाकी, भोंग्याचा खांब. एकाच पिंपातला एकच हिरवा. उरला तर गाडीला. विलायतेची शर्यतीची गाडी आणि तिला पिंपातला रंग, वर हळदकुंकू! पे.ने हे ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला होता. मग दरवर्षी थरावर थर.

निघताना रोहित सहज बोलून गेला की आजोबा स्वतः त्या गाडीत कधी बसत नसत. दसऱ्याला हार घालायचे आणि मागे फिरायचे.

२१ नोव्हें.

हनीफभाईकडे. पे.पण होता. मी सांगितलं, दारावर केमिकल लावू नका. हाताने घासा. खाली नाव आहे, माझ्या बापाने सांगितलंय. पे.चे डोळे चमकले, त्याला काय, फुकटचा इतिहास. हनीफभाई म्हणाले, चार दिवस लागतील. लागू द्या म्हटलं.

रोज जाणार. बडनेरा-अकोला पास काढला.

२५ नोव्हें.

हे लिहायला हात उठत नाही.

दुपारी तीनला हिरवा संपला, लाल लागला. लालावर पांढरी अक्षरं. हनीफभाई ओलं कापड फिरवत होते. मी चष्मा पुसून जवळ गेलो.

जयूबाबूचं नाव. पूर्ण. आडनावासकट.

पे.ने बारा-पंधरा फोटो काढले. माझा हात हातात घेऊन आभार मानले. माझ्यामुळे फाईल पक्की झाली म्हणे. मी माझ्या हाताने, माझ्या पासवर जाऊन, माझ्या बापाचं नाव खोडून आलो.

बाबा, तुम्ही तरी नीट का नाही सांगितलं? नाव गेलं म्हणाले, कोणाचं ते नाही म्हणाले. मी आपला धरून चाललो.

सुमनने वाढलेलं ताट मी तसंच ठेवलं. ती ताट झाकून आत गेली. तिने बोलायला पाहिजे होतं, म्हणजे भांडता आलं असतं.

२७ नोव्हें.

अकोल्याला गेलो नाही. पास वाया.

सुमन म्हणाली, तेव्हा शर्यत भरवणाऱ्या क्लबात मेंबर लोकच चालक म्हणून चालत असतील. मिस्त्रीचं नाव कोण घेणार? जयूबाबूचं नाव दिलं असेल आणि टोपी-चष्म्याआड सासरे बसले असतील. "कामावर आमचे हात, हजेरीवर दुसऱ्याचं नाव. नवीन हाये का काई?" ती वीस वर्षं अंगणवाडीत होती, तिला माहीत आहे.

पटलं. पण पटल्याने पुरावा होत नाही.

२९ नोव्हें.

हनीफभाईचा फोन. "इंगळेभाऊ, येऊन जा. मालूम नाई काय हाये, पण तुमी येऊन बसून पाहा."

गेलो. पे.ने सांगितलं होतं म्हणे, पेडलवरचे लाकडाचे ठोकळे काढून फेका, मूळ गाडीचे नाहीत. हनीफभाई काढायला आत बसले तर बसताच येईना. स्टिअरिंग गुडघ्यात. सीट खाली चार नवी भोकं पाडून वीतभर पुढे सरकवून बोल्ट मारलेलं. बाभळीचे ठोकळे तिन्ही पेडलवर, नटबोल्टने कसलेले.

मला म्हणाले, बसा.

बसलो. पाठ टेकली. पाय सरळ गेले आणि तिन्ही पेडलवर नेमके पडले. स्टिअरिंग छातीपुढे, हात थोडे वाकलेले.

माझी उंची पाच फूट. रेल्वेत टिंगू म्हणायचे. बाबा माझ्याएवढेच होते.

बराच वेळ उतरलो नाही. हनीफभाई तोंड फिरवून कुठलासा पाना शोधत राहिले.

मग ते वाकले आणि ठोकळ्याचा कोपरा नखाने खरवडला. हिरवा. आणखी हिरवा. सगळ्यात खाली लाल. दारावर हिरव्याखाली निघाला तोच लाल.

गाडी लाल होती फक्त त्या दसऱ्यापर्यंत. म्हणजे ठोकळे त्याआधीचे. शर्यतीच्या वेळी ही गाडी पाच फुटाच्या माणसासाठी बसवलेली होती.

घरी येऊन भिंतीवरचा फोटो खाली काढला. एवढी वर्षं रोज बघतो. जयूबाबू सीटवर नाही, सीटच्या पाठीवर बसलाय, वर, पाय बाहेर काढून. सगळ्यांना वाटतं जिंकल्याचा रुबाब. अरे, मावतच नव्हता तो!

१ डिसेंबर

पे.ला फोनवर सगळं सांगितलं. नंतर कोणी गाडी आतबाहेर करण्यासाठी बसवले असतील, म्हणाला. मी म्हटलं, खाली लाल आहे. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मी परत म्हटलं, लाल आहे. मग म्हणाला, कुटुंबाची संमती लागेल, त्यांनी लिहून दिलं तर बघू.

म्हणजे माझ्या बापाने गाडी चालवली याला जयूबाबूच्या घरची परवानगी. शिव्या लिहीत नाही, वही नातीच्या हाती लागते.

४ डिसें.

रोहितला अकोल्याला बोलावलं. आला, हे त्याचं मोठेपण. मी भाषण ठरवून गेलो होतो, बोललो फक्त "बस".

उजवा पाय आत टाकला. गुडघा स्टिअरिंगला अडला. तिरका झाला, परत अडला. एक पाय आत, एक बाहेर, तसाच उभा राहिला. हनीफभाईंनी ठोकळ्यावरचा लाल दाखवला. मी फोटो दाखवला. त्याने फोटो मोठा करून आजोबांचे पाय बघितले.

मला वाटलं होतं, या क्षणी छाती भरून येईल. नाही आली. पोराचा चेहरा उतरला.

"काका, आजी अजून हाये. तिच्या खोलीत समोरच तो कप ठेवला हाये. तिले काय सांगू मी?"

ओठांवर आलं होतं, माझ्या आईच्या खोलीत कोणता कप होता ते विचार. विचारलं नाही. का नाही विचारलं, याचा आता इथे बसून राग राग करतोय.

संमतीच्या कागदावर सही न करता गेला. विचार करतो म्हणाला.

८ डिसें.

हनीफभाई: सोमवारी गाडीला लाल मारायचा. ठोकळे काढले नाहीत, पे.ला सांगितलं, नट गंजलेत. (गंजलेले नाहीत.) दारावर नावाच्या जागी पेपर चिकटवून ठेवलाय. कोणतं लिहू, विचारतात.

पे.चा मेसेज: फाईलमध्ये चालकाची जागा तूर्त कोरी. 'तूर्त' खाली रेघ.

कोरी! पन्नासवर वर्षं खोटं नाव चाललं, खरं आलं तर कोरी.

१० डिसें.

संध्याकाळी रोहितचा फोन. आजीला सगळं सांगितलं. ठोकळे, लाल, फोटो. तिने कप खाली काढून हातात घेतला. मग एकच विचारलं.

"काय विचारलं?"

"शामरावच्या पोराची उंची किती हाये म्हने."

सुमन दारात येऊन उभी राहिली.

पाच फूट, सांगितलं. तो म्हणाला, आजी म्हणते मग गाडीत शामरावच होता, उद्याच घेऊन ये त्याच्या पोराला.

सकाळची दर्यापूरमार्गे बस. फोटो पिशवीत ठेवलाय.