काशीआते, गेली ती उंदरीण होती

तीर्थस्वरूप काशीआतेस,

तू जिवंत आणि ठणठणीत आहेस, त्याबद्दल आकांक्षाचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? विहिरीचा पंप दुरुस्त झाला का? तीन आठवडे तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून जर्मनीहून पत्र पाठवते आहे. चष्मा तू लावणार नाहीस, तेव्हा शेजारचा सुदेश वाचून दाखवेल. (सुदेश, कंसातलं मोठ्याने वाचायचं नाही. ते मी माझ्यापुरतं लिहिते आहे.)

आधी माझं काम समजून घे, म्हणजे शिव्या योग्य जागी घालता येतील. आपल्या हाडांच्या मगजात काही मूळ पेशी असतात. सगळं रक्त त्यांच्यापासून होतं. त्यांची काही पिल्लं छातीच्या हाडामागच्या एका छोट्या शाळेत जातात आणि आपलं कोण, परकं कोण हे शिकून रोगांशी लढायला बाहेर पडतात. वय झालं की मूळ पेशी थकतात आणि ती शाळाही ओस पडत जाते. हे का होतं ते मी शोधते. (अकरा वर्षं एका फणसावरून शेजारच्या रुक्मिणीकाकीशी न बोलणाऱ्या बाईला आपलं-परकं काय समजावणार, पण ते असो.) त्यासाठी म्हातारे उंदीर लागतात, आणि उंदीर म्हातारा व्हायला दोन वर्षं जातात. तोवर नुसती वाट पाहायची. दोन वर्षांत माझेच केस पिकले.

उंदरांना इथे नंबर असतात, नावं ठेवत नाहीत. पण एक उंदरीण अशी निघाली की मी तिचा पिंजरा आवरावा आणि तिने तासाभरात सगळं पुन्हा आपल्या पद्धतीने लावावं. खाण्यापाशी इतरांना ढकलायची, आणि झोपताना सगळ्यांना पोटाशी घ्यायची. तिला दुसरं काय नाव देणार, तूच सांग. (सुदेश, आईबाबा नोकरीसाठी मुंबईला आणि मी सात वर्षं आतेकडे. बांगड्याचा कल्ला उघडून ताजा-शिळा ओळखायला तिने शिकवलं, तो माझा पहिला प्रयोग. इथल्या थंडीत हातमोजे चढवताना त्या मागच्या अंगणाचा, राखेचा आणि माशाच्या खवल्यांचा वास येतो. उंदरीण हे निमित्त होतं. मला कोणालातरी रोज ‘काशीबाई’ अशी हाक मारायची होती.)

तर ती सत्तावीस महिन्यांची होऊन, प्रयोग चार दिवसांवर असताना, एका सकाळी आपणहून गेली. आमच्याच प्रयोगशाळेत नांदगावची अवनी आहे. तिला मी फोनवर मेसेज लिहिला: ‘काशीबाई सकाळी गेली. शेवटपर्यंत हेकटपणा सोडला नाही. दोन वर्षं वाट पाहत होते, आता हाडंसुद्धा उपयोगाची नाहीत.’ तो अवनीला न जाता आपल्या घरच्या ग्रुपवर गेला. उंदरांच्या खोलीत फोन नेता येत नाही, त्यामुळे मी तीन तास निवांत होते.

त्या तीन तासांत काय झालं ते सुदेशने मला कळवलं. आपला बाबूदादा इन्सुलीहून रजा टाकून मोटारसायकलवर निघाला आणि वाटेत हार घेऊन आला. अंगणात पंधरावीस माणसं जमली. तुझ्या साध्या फोनवर ग्रुप दिसत नाही, त्यामुळे तुला पत्ताच नाही. तू बांगडे साफ करत होतीस. सुरी हातात घेऊन बाहेर आलीस आणि म्हणालीस, “मेल्यांनू, मी हंयसर आसंय, तुमी रडतास कोणाक?” रुक्मिणीकाकी तर अनवाणी धावत आली होती. तुला पाहून पायरीवर बसली आणि तुझ्यावरच ओरडली, “जित्ती आसस तर सांगूक काय झाला तुका!”

मेल्याची बातमी तू हसण्यावारी नेलीस म्हणे. राग आहे तो ‘हेकट’ आणि ‘वाट पाहत होते’ या दोन गोष्टींचा. आते, वाट उंदरिणीची पाहत होते. हेकट मात्र दोघींनाही लागू आहे.

तुझी,
आकांक्षा

ता. क. त्या तीन तासांत ग्रुपवर आलेले एकसष्ट मेसेज छापून सोबत पाठवते आहे. स्वतःबद्दल एवढं चांगलं जिवंतपणी कोणाला ऐकायला मिळतं? बाबूदादाने श्रद्धांजलीखाली चुकून वाढदिवसाचा केक टाकलाय, तो सोडून दे. रुक्मिणीकाकीचे दोनच शब्द आहेत: ‘माझी काशी.’ फणसाचं काय ते आता तुम्ही दोघी बघा.

ता. क. २. खरं काम आता सांगते. नवे उंदीर आलेत. एकीने पहिल्याच दिवशी पिंजरा आपल्या मनाने लावला. तिच्या नावाची जागा मी कोरी ठेवली आहे, तुझ्या परवानगीशिवाय भरणार नाही. लहानपणी माझ्यावर रागवलीस की बोलायची नाहीस, पण राग गेला की गुपचूप माझ्या ताटात माशाच्या अंड्यांची गाभोळी वाढायचीस. आताही बोलू नकोस. फक्त एक मिस्ड कॉल दे. मी गाभोळी समजेन.

ता. क. ३. सुदेश, आता कंसातलंही सगळं वाचून दाखव. मग फोन तिच्या हातात दे आणि तू जरा बाहेर जा.