तिसऱ्या सरीतला बॉल

पारगाव,
१८ जानेवारी २०२५

ती. बायडाकाकींना मोहिनीचा नमस्कार.

तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण फोन तुम्ही उचलत नाही आणि येडगावहून येणारं कुणी नीट सांगत नाही. इकडे तुमची म्हैस व्यायली, पारडी झाली. बाळासाहेब काका धारा काढतात आणि स्वयंपाकही करतात, म्हणजे भात शिजवतात आणि कालवण आमच्याकडून नेतात. परवा आई म्हणाली, "भावजी, भाकरी पण न्या की." तर म्हणाले, "भाकर ती आल्यावर खाईन." चार महिने होत आले तुम्हाला माहेरी जाऊन, काकी. माणूस पार वाळलाय.

हे पत्र त्यांनीच लिहायला सांगितलं. निरोप एवढाच: "ऊस गेला म्हणावं. गेणभाऊचं समदं रान मोकळं झालं. आता दारातनं काय दिसत न्हाई. ये म्हणावं." एवढं बोलून ते गोठ्यात गेले. त्यांचा निरोप इथे संपला. पुढचं माझं आहे आणि ते त्यांना माहीत नाही.

ऊसतोडीची टोळी सोमवारी आली. बुधवारी दुपारी त्यांच्यातली एक बाई आमच्या दारात उभी राहिली. पदराखालून तिनं बॉल काढला. "ह्यो उसात गावला. कुणा लेकराचा हाय का?" चामडं उंदरांनी कुरतडलं होतं, लाल टाके मात्र शाबूत होते. मी घेतला. पाणी विचारायचं सुचलं नाही, ती तशीच गेली.

तुम्ही मला नेहमी चिडवायचात, "क्रिकेट काय वंगाळ व्हतं का गं, ह्ये कुठलं खूळ आणलंस गावात?" कॉलेजच्या टीममध्ये मी तीन वर्षं बेसबॉल खेळले, म्हणून आणलं. तुमची आरती पहिल्याच आठवड्यात आली. तुम्ही धाडलंत शेण भरायला आणि ती कालव्याकडच्या पडिकावर बॅट घेऊन उभी, आठवतं? बेस म्हणून आम्ही वाळू भरलेल्या खताच्या गोण्या ठेवायचो. तुमच्या ओट्यावरच्या दोन गोण्या कुठे गेल्या हे तुम्हाला कधी कळलं नाही. त्या तिनंच आणल्या होत्या.

एकदा मी पोरींना शाळेतला नकाशा दाखवला. खेळ अमेरिकेत वाढला, तिथून जपानला गेला, मग कोरिया, तैवान. क्युबावर बोट ठेवून आरती म्हणाली, "एवढासाच?" मी सांगितलं, तिथंही ऊस आहे. शेजारच्या डोमिनिकन देशात तर साखर कारखान्यांच्या वस्तीतली पोरं जगात नाव काढून बसलीत. तिला इतका आनंद झाला. "म्हंजी आपलंच गाव की ताई." मग तिनं विचारलं, "त्यांचा बॉल उसात गेल्यावर कोण आणतं?"

मी ठोकून दिलं, "ज्यानं मारला त्यानं."

काकी, ते खोटं होतं. बेसबॉलमध्ये बॉल मैदानाच्या पार गेला की त्याला होमरन म्हणतात. त्या खेळात त्याहून मोठं काही नाही. मारणारी बॅट टाकते आणि चारही बेसवरून रमतगमत फिरून येते. तिला कुणी आऊट करू शकत नाही. आणि बॉल परत कुणी मागतसुद्धा नाही. बघायला आलेल्यांत ज्याच्या हाती लागेल तो घरी नेतो आणि जपून ठेवतो.

हे मला चांगलं माहीत होतं. पण आपल्याकडे बॉल तीन. एक उसवला, एक विहिरीत गेला. म्हणून पडिकावर मी आपला गल्लीतला नियम लावला, लहानपणी आपण सगळेच खेळलो तो: उसात मारला की आऊट, आणि मारेल त्यानं आणायचा. पोरी जोर आवरून मारायला शिकल्या. आरतीला मात्र जोर आवरता यायचा नाही.

त्या दिवशी सप्टेंबरची एकोणीस तारीख होती. सहा वाजत आले होते. दोनच दिवसांपूर्वी बिबट्यानं गेणभाऊंचा कुत्रा नेला होता. ते स्वतः येऊन म्हणाले होते, "पोरींना दिस मावळायच्या आत घरी धाडत जा." मी म्हटलं, "पंधरा मिनिटं." जिल्ह्याच्या स्पर्धा आठ दिवसांवर आल्या होत्या आणि मला घाई होती.

आरतीनं मारला तो बॉल बांधावरून उसात गेला. माझ्यासमोर असा फटका कुणी मारला नव्हता. मी कौतुकाचा एक शब्द बोलले नाही. म्हटलं, "आऊट. जा, आण." ती म्हणाली, "ताई, उद्या सकाळी हुडकू की." मी म्हटलं, "शेवटचा बॉल आहे. नियम म्हणजे नियम."

तिनं बॅट नीट गोणीला टेकवून ठेवली आणि गेली.

मी बांधावर उभी राहून ओरडत होते, "अजून आत बघ. अजून आत." दोनदा तिनं "ओ" दिली. तिसऱ्यांदा दिली नाही.

मी वनखात्याच्या लोकांना, सरपंचांना आणि तुम्हाला वेगळं सांगितलं. सांगितलं की मी नको नको म्हणत होते आणि आरतीच धावत गेली. बाकीच्या पोरी लांब ग्लोव्ह गोळा करत होत्या. फक्त हर्षाली जवळ होती, तिनं सगळं ऐकलं. ती तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मी तिला गप्प बस म्हटलं नव्हतं. म्हणावं लागलं नाही, चौदा वर्षांची पोर कुणापुढे बोलणार?

गाव म्हणालं, पोरगी आगाऊ होती. दहाव्याला तुम्ही माझा हात हातात घेतलात आणि म्हणालात, "तुजं तरी ऐकाया पायजे व्हतं गं तिनं. माजंच वळण कमी पडलं." मी तो हात सोडवला नाही. तुम्ही रडत होता आणि मी मान हलवली. चार महिने मला दुसरं काही आठवत नाही.

तिनं ऐकलं होतं, काकी. माझंच ऐकलं. वळणात काही कमी नव्हतं. गावात कुणाची नसेल इतकी तुमची लेक ऐकणारी होती.

परवा त्या टोळीतल्या बाईला मी जागा दाखवायला सांगितली. बॉल बांधापासून तिसऱ्या सरीत होता. अगदी कडेला. आरती त्याला ओलांडून आत गेली, कारण मी आत बघ म्हणत होते. मग पडिकावर ती मारायला उभी होती तिथून मी पावलं मोजली. बांधापर्यंत शंभर भरली. कुठल्याही देशातल्या मैदानावर तिच्या वयाच्या पोरीसाठी तो होमरन धरला असता.

सोमनाथमामा उद्या सकाळी येडगावला यायला निघतायत. पत्र त्यांच्याच हाती देते. ते निघाले की मी तुमच्या ओट्यावर जाऊन काकांना हे सगळं सांगणार आहे, आणि मग सरपंचांना. आधी तुम्हाला कळायला हवं होतं. तुम्ही तोंड दाखवू नकोस म्हणालात तर मी समोर येणार नाही. पण घरी या. काका वाट बघतायत आणि त्यांचा यात काही दोष नाही.

पत्रासोबत फडक्यात बॉल बांधलाय. तो कुणी परत मागणार नाही. ठेवावासा वाटला तर ठेवा, नाहीतर तिथल्या धरणात टाका. तिनं मारलेला आहे, म्हणून तो तुमचा.

आणि ती आऊट नव्हती. हे मी तिला सांगायला हवं होतं.

आरतीला उसात पाठवणारी,
मोहिनी