अंगठ्याला लावलेला फोन

हट्टा, दिवाळीच्या तोंडावर

चिरंजीव प्रमोद यास थोरल्या बहिणीचा पोटभर आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. तुझी साखर, तुझी साधना आणि तुझा गर्व, तिघं कसे आहेत ते कळव. (फोनवर तू ‘व्हय व्हय आक्का’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून पत्र.)

परवा उपकेंद्रात आपली आशाताई संगिता आली होती. साखरवाल्यांच्या पायांना स्पर्श कळतो का, हे आता फोननं बघतात. आपण डोळे मिटायचे, ती अंगठ्याला फोन टेकवते, तो थरथरला की सांगायचं. डॉक्टरची तपासणी पुढं असतेच, ही नुसती चाळणी. सोपं काम, पण गाव आपलं! गोजरबाई डोळे मिटेचनात. संगिता पायाशी वाकली की त्या ‘औक्षवंत हो’ म्हणून मोकळ्या, फोन अजून तिच्या हातातच. रूपाबाईंचंही तेच. (पायाशी कुणी वाकलं आणि आपण गप्प बसलो, असं कधी झालंय?) संगिता कावली, “अवो मावशी, आशीर्वाद नगं, कळलं का न्हाई ते सांगा!” मग मीच तोड काढली. डोळे बांधायचे आणि थरथर कळली तरच आशीर्वाद द्यायचा. काम बराबर चाललं. फक्त उकंडरावांच्या वेळी मधेच संगिताच्या सासूचा फोन आला, तो थरथरायचा थांबेपर्यंत उकंडराव तिला सौभाग्य, लेकरं, नातवंडं, सगळं देऊन बसले.

हसलास ना? आता ऐक. तुझ्या दाजींच्या चपलेत खिळा वर आला होता. ते दिवसभर रानात फिरले, आणि चप्पल कशानं ओली झाली, असं संध्याकाळी मलाच विचारलं. आधी पाय गेला, मग ते गेले, तू पाहिलंसच. त्या चपला आता दारात नाहीत, तरी मी तेवढी जागा सोडूनच पाय टाकते.

आणि तू शिमग्याला हळद शिजवताना कढईजवळच्या तापल्या राखेवर अनवाणी उभा राहून मिशीला पीळ देत होतास, “आक्का, आपले पाय लोखंडाचे!” अरे, लोखंडाला काही कळत नाही, म्हणूनच ते लोखंड.

तुझी आक्का

ता. क. भाऊबीजेला साडी आणू नकोस, पाय आण. संगिताला बोलावून ठेवलंय, साधनालाही कळवलंय. पत्र मिळालं नाही, असं म्हणायची सोय ठेवलेली नाही.

आणखी एक. आईनं साखर आपल्या दोघांनाही वाटून दिलेली, म्हणून परवा माझेही डोळे बांधले होते. उजव्या पायाला मी आशीर्वाद दिला. डाव्याला कधी लावतेस म्हणून विचारलं, तर संगिता म्हणाली, “लावून झालं की.” डॉक्टरकडे दोघं मिळूनच जाऊ. तोवर नमस्कार करशील तो उजव्या पायाला कर. डाव्याला केलास तर मला कळायचं नाही, आणि तुझा आशीर्वाद राहून जाईल.