रुंदी शून्य

सोमवार, ३ फेब्रुवारी

नोकरी लागली. आणि एकटीला नाही, आम्हा दोघांना लागली म्हटलं तरी चालेल. मला शुश्रूषागृहाच्या ऑफिसात टेबल मिळालं आणि बाबांना नऊ नंबरची खोली. टेबलापासून खोलीपर्यंत मोजून चाळीस पावलं! बाबांना अर्धांगाचा झटका आल्यापासून आठ महिने मी घर आणि ऑफिस अशी दोन टोकं ओढत होते. आज पहिल्यांदा पाठ सरळ झाली.

इमारत बैठी आहे. एक लांबलचक बोळ, एका अंगाला ओळीने बारा खोल्या, समोर खिडक्या. सकाळचं ऊन थेट दारांपर्यंत येतं. बाबांनी तीस वर्षं ट्रक चालवला, त्यांची हाक तीन गल्ल्या पलीकडे ऐकू जायची. आता "हो" एवढा एकच शब्द उरलाय. खोली आवडली का विचारलं तर म्हणाले हो. जेवण बरं होतं का, तर हो. मी वेंधळी आहे का, तर त्यालाही हो. दोघंही पोट धरून हसलो.

शेजार चांगला आहे. आठमध्ये एक आजी आहेत, सारखं विणकाम चाललेलं असतं, त्यामुळे सगळे त्यांना लोकरआजीच म्हणतात. सातमध्ये गणिताचे मास्तर. त्यांना भेटायला कुणी येत नाही, म्हणून दुसऱ्यांच्या पाहुण्यांचं स्वागत तेच करतात. माझंही केलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज कामाला हात घातला. नर्सांच्या टेबलासमोर भिंतीवर एक रुंद स्क्रीन आहे. त्यावर ओळीने बारा चौकोन, खोलीगणिक एक. चौकोनात माणसाचं नाव, औषधांच्या वेळा आणि खाली नोंद, म्हणजे त्याला काय आवडतं, काय सोसत नाही. खोलीतून घंटा वाजली की तो चौकोन लाल होतो.

माझ्या आधीच्या प्रोग्रामरने हे सगळं हाताने ठोकून ठेवलंय. पहिला चौकोन डावीकडून इतक्या ठिपक्यांवर, दुसरा तितक्या. खिळे मारावेत तसे बाराही चौकोनांचे आकडे पक्के केलेत. हल्ली शिकाऊ पोरंसुद्धा असं करत नाहीत. नोंद जरा लांबली की अक्षरं कापली जातात, आणि नर्सांची सगळ्यात मोठी तक्रार तीच.

ह्यासाठीच तर लेआउट मॅनेजर असतो, म्हणजे मांडणी आपोआप करणारा प्रोग्रामचा भाग. कोण कुठे बसेल हे आपण सांगायचंच नाही. तो प्रत्येक चौकोनाला विचारतो, तुला किती जागा हवी? मग बाकावर माणसं सरकवून बसवावीत तसं सगळ्यांना आहे त्या जागेत बसवतो. चार दिवसांचं काम.

मेट्रनबाई म्हणाल्या की आधीचा माणूस भला होता, पण स्क्रीनला कुणाला बोट लावू देत नसे. एक दिवस न सांगता निघून गेला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

झालं! खिळे उपटले, मॅनेजर बसवला. ज्याची नोंद मोठी त्याला रुंद चौकोन, ज्याची छोटी त्याला अरुंद. एकही अक्षर कापलं जात नाही. चिमणी (ही सगळ्यात तुरुतुरु चालणारी नर्स) म्हणाली, ताई, हे तर आपोआप शहाणं झालं. मेट्रनबाईंनी सगळ्यांना चहा पाजला.

मास्तरांची नोंद तेवढी कोरी आहे. त्यांच्याबद्दल सांगणारं कधी कुणी आलंच नाही. सवडीने मीच लिहीन.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

नवे आजोबा आले. बोळाच्या टोकाची सामानाची खोली रिकामी करून त्यांना दिली. बरोबर चार मुली, आणि प्रत्येकीने आपापली नोंद सांगितली. उशी कशी हवी, दूध किती कोमट, कुठल्या कुशीवर झोपतात. चिमणीची बोटं दुखली. स्क्रीनवर तेरावा चौकोन चांगला ऐसपैस उघडला आणि बाकीचे बारा आपले आपण सरकले. बघायला इतकं छान वाटलं!

बुधवार, १९ फेब्रुवारी

मास्तरांनी मला खोलीत बोलावून घेतलं. म्हणाले, पोरी, ही भिंत पुढे आली आहे. पलंग आणि भिंत यांच्यात त्यांची खुर्ची असायची. आता ती मावत नाही म्हणून बाहेर बोळात काढून ठेवलीय. त्यांनी विती मोजून ठेवल्या होत्या. काल खोली चौदा विती रुंद, आज सकाळी नऊ, जेवणानंतर सहा. हसत हसत सांगत होते, पण भिंतीवरची वीत उचलत नव्हते.

मेट्रनबाई म्हणाल्या, वय झालं की होतं असं. मला ते पटलं. ते का पटवून घेतलं कुणास ठाऊक, कारण खोलीत मी स्वतः तिरकी होऊन शिरले होते.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सहा नंबरनंतर आठ नंबर आहे.

मी तीनदा चालत गेले. सहाचं दार, मग भिंत, मग आठचं दार. भिंतीला सांधा नाही, भेग नाही, रंगाचा एकच हात. चिमणीला विचारलं, मास्तर कुठे गेले? तिने विचारलं, कोण मास्तर? सात नंबर कधी नव्हताच म्हणाली, बांधणाऱ्याने आकडा गाळला असेल. मेट्रनबाईंनीही तेच सांगितलं.

खुर्ची मात्र बोळात तशीच आहे. कुणाची ते कुणालाच माहीत नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

स्क्रीनवर बारा चौकोन दिसतात. प्रोग्रामला विचारलं तर तो तेरा सांगतो. सातव्याची माहिती मागवली. नाव बरोबर. उंची पूर्ण. दिसतो का? हो. रुंदी? शून्य.

मग घंटांची नोंदवही उघडली. सात नंबर, काल सकाळी नऊ दहा. नऊ चौदा. नऊ पंधरा. नऊ पंधरा. नऊ पंधरा. कालपासून अखंड घंटा वाजतेय, आणि लाल व्हायला चौकोनाला रुंदीच नाही.

सहा आणि आठच्या मधल्या भिंतीला कान लावला. आत कुणीतरी विती मोजत होतं. एक. मग थोडं थांबून पुन्हा एक. पुन्हा एक. दोनपर्यंत पोचतच नव्हते.

शनिवार, २२ फेब्रुवारी

मास्तरांची पानभर नोंद लिहिली. उपयोग नाही. शून्यावर गेलेल्याला मॅनेजर काही विचारतच नाही. सगळ्यांना किमान रुंदी बांधून दिली, ती त्याने घेतली आणि पाळली नाही.

आधीच्या प्रोग्रामरचा नंबर शोधून काढून फोन केला. त्याने आधी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की त्यानेही सुरुवातीला मॅनेजरच बसवला होता. एकेक चौकोन हाताने ठोकायला त्याला दीड वर्ष लागलं. तोवर किती खोल्या गेल्या ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलं, ते खिळे परत कसे मारायचे? त्याने उलट मलाच विचारलं, तुमचं कोण आहे तिथं? वडील, म्हटलं. त्याने फोन ठेवला. नंतर उचलला नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मॅनेजर उपटून जुने आकडे भरले. प्रोग्राम सुरू झाला, पण आकडे चौकोनांपर्यंत पोचायच्या आत सगळेच्या सगळे शून्यावर. अकरा सेकंद. मी बोळात धावले. बोळात दारंच नव्हती. खिडक्यांसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच कोरी भिंत, आणि मधोमध मास्तरांची खुर्ची.

मग मॅनेजर आपणहून परत आला. मी बसवला नव्हता. दारं उगवली. बाबा घामाने चिंब झाले होते, नजर भिंतीवर खिळलेली. दुखतंय का विचारलं. हो.

हे पुन्हा करायची माझी छाती नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

बाबांना इथून नेणार. नाव कमी केलं तर चौकोनच पुसला जाईल, म्हणून कुणाला न सांगता दुपारी चाकाच्या खुर्चीत बसवून निघाले. अंगणापर्यंत ठीक होतं. फाटकाशी खुर्ची हलकी लागायला लागली. रिकामी ढकलावी इतकी हलकी. त्यांचा हात हातात घेतला तर तो पातळ, घडी घातलेल्या कापडासारखा, आणि मला त्यांच्या तळव्यातून माझीच बोटं दिसली—

मागे फिरवली. खोलीत आल्यावर हात भरला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

नव्या आजोबांच्या मुली रोज येतात, रोज नोंद वाढवतात. त्यांचा काय दोष? बापावर माया आहे त्यांची. बाबांच्या नोंदीत एकच ओळ होती, "बोलत नाहीत". आज त्यांच्या पलंगाची कड भिंतीला टेकली.

दादाला फोन केला. म्हटलं, ताबडतोब ये, बाबांना बघ. त्याने आधी मला बसायला सांगितलं. मग अगदी हळू, लहान मुलीला सांगावं तसं बोलला. म्हणाला, अगं, बाबा त्या झटक्यातच गेले ना. आपण दोघांनीच तर पोचवलं त्यांना. तू जरा विश्रांती घे.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दिवसभर बाबांची नोंद लिहिली. हॉर्न वाजवायची त्यांची लकब. माझ्या शाळेसमोर ट्रक उभा करून मला खांद्यावर उचललं होतं ते. आई गेली त्या दिवशी दोन रोट्या जास्त खाल्ल्या आणि मग मोरीत जाऊन रडले ते. चौकोन वाढला. खोली वाढली. पलंग भिंतीपासून सुटला. संध्याकाळी दादाचा फोन, बाबांना दे म्हणाला. फोन बाबांच्या कानाला लावला. हो, हो, हो.

मी वेड्यासारखी हसत होते.

शनिवार, १ मार्च

नऊच्या आधी सहा आहे.

लोकरआजी नाहीत. त्यांची नोंद अडीच ओळींची होती. मला माहीत होतं. काल लिहिताना मला ठाऊक होतं की जागा कुठून तरी येणार, आणि ती शेजारून येते. तरी लिहीत राहिले. घंटा, आठ नंबर, सकाळपासून. मी नोंदवही बंद केली.

मंगळवार, ४ मार्च

मेट्रनबाईंनी सांगितलं, भिंतीवरचा स्क्रीन काढणार. नर्सांना हातात धरायचे टॅबलेट देणार. वहीच्या पानाएवढे. सगळं त्यातच बसवायचं. तुमचा मॅनेजर आपोआप बसवतो ना, म्हणाल्या.

पाया पडले. सगळं सांगितलं. मास्तर, आजी, घंटा. त्यांनी मला पाणी दिलं. उद्यापासून आठ दिवस रजा घ्या म्हणाल्या.

बुधवार, ५ मार्च

टॅबलेट आले. सकाळी सुरू केले. चार खोल्या गेल्या. कुणाच्या लक्षात नाही. बोळ आखूड झालाय. चाळीस पावलं नाहीत, बावीस.

मी रजेवर गेले नाही. बाबांच्या खोलीत आहे. पलंगावर त्यांच्या शेजारी, बाजूला जागा नाही. नोंद वाढवतेय. पण त्या आजोबांच्या मुलीही—

बाबा माझ्याकडे बघतात. नको लिहू, असं बघतात. विचारलं, थांबू का? त्यांनी तोंड फिरवलं.

गुरुवार, ६ मार्च

आता कळलं. टॅबलेट फिरवला की मांडणी नव्याने होते. उभा धरला की रुंदी निम्मी. प्रत्येक वेळी. चिमणी काखेत घेऊन फिरते—आडवा, उभा, आडवा—भिंत येते, जाते, येते. दर वेळी जाते थोडी कमीच.

दुपार

बाबांना कुशीवर वळवलंय. मीही कुशीवर. पाठीला भिंत, पोटाशी बाबा, त्यांच्या पलीकडे भिंत. घंटेचं बटण त्यांच्या मुठीत आहे, ते दाबतायत. दार अजून आहे. चार बोटांची फट. फटीतून बोळ दिसतो, ऊन दिसतं.

चिमणी येतेय. हाक मारली. थांबली. इकडे बघतेय पण भिंतीकडे बघावं तसं. टॅबलेट आडवा आहे तिच्या हातात. चिमणे, म्हटलं, आडवाच धर गं, बाई, आडवाच—

ती तो फिरव